शंभर मीटर, अंदाजे

टेपला दोन टोकं असतात आणि ती धरायला दोन माणसं लागतात, हे टेपकाकांना छत्तीस वर्षांच्या नोकरीत कधी जाणवलं नव्हतं. ते जाणवलं काकू गेल्यावर, खिडकीच्या पडद्यांचं माप घेताना. एक टोक खिळ्याला अडकवून ते दुसऱ्या बाजूला गेले, की खिळ्याकडचं टोक सुटायचं आणि सळसळत त्यांच्या अंगावर यायचं. चार वेळा आलं. पाचव्यांदा त्यांनी पडदेच नकोत असं ठरवलं आणि खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं. तेही बरोब्बर मापाचं.

काका मोजणी कार्यालयातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, भावाभावांच्या मधून रेघा ओढल्या आणि दोन्ही भावांच्या शिव्या सारख्याच मापात खाल्ल्या. इमारतीतल्या पोरांनी त्यांचं नाव टेपकाका ठेवलं, ते पुढे मोठ्यांनीही उचललं. त्यांचा पोलादी टेप कपाटात कपड्यांच्या वर, मऊ फडक्यात गुंडाळून असे. पूर्वी एकदा त्या टेपमध्ये चिखल आणि गवताची काडी सापडली होती, तेव्हा कार्यालयातल्या जोडीदारावर संशय घेऊन काका त्याच्याशी दोन वर्षं बोलले नव्हते. जोडीदार शेवटपर्यंत म्हणत होता, मी नाही. काकांनी ते शेवटपर्यंत मानलं नाही.

एकुलती एक मुलगी परदेशी होती. दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन यायचा, सरासरी अकरा मिनिटांचा. ही सरासरी अर्थातच काकांनी काढलेली. उरलेल्या आठवड्यात त्यांच्याशी बोलायला दूधवाला होता, पण तो घाईत असे.

अशा परिस्थितीत वरच्या मजल्यावरचे पीटीचे सर एका संध्याकाळी दार वाजवून म्हणाले, "काका, तुमच्याकडे एक काम होतं."

हे वाक्य काकांनी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी सरांना आत घेतलं, चांगली खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माणूस विचार बदलून निघून जाईल या भीतीनं काम काय ते कळण्याआधीच "हो" म्हणून टाकलं.

काम साधं होतं. शाळेच्या वार्षिक क्रीडा स्पर्धा नऊ दिवसांवर आल्या होत्या. मैदानावर फक्कीनं रेघा मारायचं काम पस्तीस वर्षं जे शिपाई करायचे ते यंदा निवृत्त झाले होते आणि नव्या शिपायाची रेघ सुरू होताना सरळ असली तरी पुढे तिला स्वतःची मतं फुटत.

"मोजायची भानगडच नाही काका," सर म्हणाले. "सामानाच्या खोलीत दोर आहे. एक टोक गेटच्या खांबाला लावायचं, ताणत न्यायचा, मोठ्या झाडापाशी संपतो. झाले शंभर मीटर."

"अंदाजे?"

"अंदाजे कसले? शंभरच. दोराला चिठ्ठी बांधलीय तशी."

काकांनी चिठ्ठी या पुराव्यावर काही भाष्य केलं नाही. फक्त, सर गेल्यावर कपाटातून टेप काढला आणि त्याला तेल लावलं.

शाळेशी काकांचं एक खास नातं होतं. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीबाहेर विक्रमांचा फलक होता. त्यावर पत्र्याच्या छोट्या पाट्या स्क्रूनं बसवलेल्या, आणि '१०० मीटर, मुली' यापुढच्या पाटीवर अठ्ठावीस वर्षं एकच नाव होतं: काकांच्या मुलीचं. आठवीत असताना तिनं तो विक्रम केला. मग आंतरशालेय स्पर्धेत, दुसऱ्या मैदानावर, ती सातवी आली. काकांना ते इतकं लागलं की पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते जोडीदाराला घेऊन ते परकं मैदान मोजून आले. ते भरलं शंभर मीटर दोन सेंटीमीटर. तेव्हा काकांनी वाऱ्याला दोष दिला आणि प्रकरण मिटवलं. ज्या माणसानं स्वतःच्या लग्नात हॉलची लांबी पावलांनी मोजली होती, त्याला आपल्याच शाळेचं मैदान मोजायचं मात्र सुचलं नाही. विजयाची कोण मोजणी करतो?

दरवर्षी क्रीडा स्पर्धांच्या दिवशी काका-काकू त्या फलकापुढे जाऊन उभे राहत. काकू दोन मिनिटांत कंटाळायच्या, काका पंधरा मिनिटं उभे असत. गेली दोन वर्षं ते एकटेच जात होते. या गावात मुलगी अजून राहते अशी ती एकच जागा आहे, असं त्यांना वाटे.

टेपकाका मैदान मोजणार ही बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. समोरचे बँकवाले, म्हणजे बँकेतून निवृत्त झाल्यापासून सर्व विषयांतले तज्ज्ञ, जिन्यात भेटले. "टेप कसला घेऊन बसलात? मोबाइलमध्ये अ‍ॅप असतं. मी परवा आमचा हॉल मोजला, साडेचारशे फूट भरला."

"तुमचा हॉल बारा फूट आहे."

"तेच म्हणतोय मी. किती पुढे गेलंय बघा सगळं!"

तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या ताईंनी आपुलकीनं सल्ला दिला, "काका, नेहमी दोन बोटं जास्तच धरा हो. धुतल्यावर आटतं." मैदान कोण धुणार, हे विचारायचं काकांनी टाळलं. इतक्या दिवसांनी कुणी आपणहून बोलत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला काका मैदानावर हजर झाले. खुंट्या, हातोडी, मोजणीची वही, डोक्यावर कार्यालयातली जुनी टोपी. टेपचं दुसरं टोक धरायला सर येणार होते, पण ते संचलनात अडकले. शंभर मुलांचा डावा पाय एकाच वेळी पडेना. नवा शिपाई "आलोच" म्हणून गेला तो आलाच नाही. शेवटी काकांनी शून्याकडचं टोक खुंटीला अडकवलं, तीस मीटर चालत गेले, खूण केली, परत आले, खुंटी उपटली, पुन्हा चालत गेले. शंभर मीटर मोजायला ते तीनशेहून जास्त मीटर चालले. मध्ये टेप दोनदा सुटून आला. एकदा टोपी घेऊन गेला.

पण आकडा आला. गेटच्या खांबापासून मोठ्या झाडापाशी दोर संपतो तिथपर्यंत: त्र्याण्णव मीटर चाळीस सेंटीमीटर.

काकांनी पुन्हा मोजलं. त्र्याण्णव चाळीस. तिसऱ्यांदा मोजलं. दोराचं टोक हातात घेऊन पाहिलं, तर ते झिजलेलं नव्हतं, कोयत्यानं कापावं तसं साफ कापलेलं होतं.

त्यांनी तिथंच झाडाखाली बसून रीतसर मोजणीपत्रक तयार केलं. पत्रकाच्या तळाशी दोन रकाने असतात: 'मोजणी करणार' आणि 'तपासणार'. एकानं मोजायचं, दुसऱ्यानं तपासायचं आणि फरक पडला तर तपासणाऱ्याचा आकडा कायम धरायचा, हा त्यांच्या कार्यालयाचा नियम. काकांनी पहिल्या रकान्यात सही केली. दुसऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मैदानावर दोन कावळे होते. छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच अर्धा कोरा कागद घेऊन ते उठले.

मुख्याध्यापिकाबाई तेव्हा प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीचं कव्हर कुठं गेलं या चौकशीत होत्या. पत्रक त्यांनी उभ्या उभ्या वाचलं.

"दोर आटला असेल," त्या म्हणाल्या.

"दोर कापलाय बाई. सहा मीटर साठ सेंटीमीटर."

"अहो काका, मुलं धावणार आहेत. आपल्याला जमीन विकायची नाहीये."

"शंभर म्हटलं की शंभर, बाई. नाहीतर 'सुमारे शंभर मीटर धावणे' असं छापा पत्रिकेत."

बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजावणं संपलं, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, काकांना नव्हतं. "बरं. समजा तुमचं खरं. मग इतक्या वर्षांचे विक्रम? ते सगळे खोटे? ते काय उतरवायचे?"

काका उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांची मान आपोआप दाराकडे वळली. दाराबाहेर फलक होता. तिसऱ्या ओळीत मुलीचं नाव होतं. काकांनी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी मोजल्याचा पस्तावा झाला.

"दोर कधी कापला ते आधी बघावं लागेल," ते सावकाश म्हणाले. "कापायच्या आधीचे विक्रम खरे. नंतरचे..."

"बघा," बाई म्हणाल्या आणि कव्हर शोधायला गेल्या.

म्हणजे आता एकच गोष्ट शोधायची होती: दोर आधी कापला की मुलगी आधी धावली. काका त्याच दुपारी निवृत्त शिपाईबुवांच्या घरी पोचले. बुवा अंगणात वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचत बसले होते. काकांना पाहून त्यांना इतका आनंद झाला की पाऊण तास विषयच काढता आला नाही. दोन एकटी माणसं भेटली की दोघंही बोलतात आणि ऐकायला कुणी उरत नाही. शेवटी काकांनी दोराचं विचारलं.

"मीच की तोडला," बुवा अभिमानानं म्हणाले. "नवी घंटा आली ना पितळी, ती गच्चीत टांगली. ओढायला दोर नको? मागणीचा अर्ज दिला होता, तो अजून मंजूर व्हायचाय. म्हटलं, तो लांबडा दोर वर्षभर नुसता लोळत असतो, त्यातला घ्यावा तुकडा. गच्चीपासून माझ्या स्टुलापर्यंत. बसल्या बसल्या ओढता आली पाहिजे!"

"पण मग शंभर मीटर..."

"शंभरच की. चिठ्ठी होती ना बांधलेली. ती मी काढून नव्या टोकाला बांधली परत."

काकांनी डोळे मिटून घेतले. "घंटा कुठल्या साली आली?"

"ते काय आठवणार? पण घंटेवर साल आहे ओतलेलं. वर जाऊन बघा."

वर जाऊन बघणं इतकं सोपं नव्हतं. शाळेचे हेडक्लार्क म्हणाले, बाहेरच्या व्यक्तीस गच्चीवर जायचं तर अर्ज लागतो. अर्जात कारण लागतं. काकांनी 'घंटेचे निरीक्षण' असं कारण लिहिलं, तर हेडक्लार्क म्हणाले, घंटेचं निरीक्षण खालून ऐकूनही करता येतं, शिडी चढण्याची आवश्यकता स्पष्ट करा. ती स्पष्ट केली. मग हमीपत्र निघालं: 'शिडीवरून पडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.' त्याखाली रकाना: 'जवळच्या नातेवाइकाची सही'.

काकांनी मुलीचं नाव आणि परदेशातला फोन नंबर लिहिला.

"सही पाहिजे," हेडक्लार्क म्हणाले. "इथलं कुणी नाही का? भाऊ, पुतण्या, कुणीही चालेल."

काका पेन धरून बसले. मागे दोन पालक रांगेत उभे होते आणि त्यातल्या एकीनं घड्याळ पाहिलं. सही करू शकेल असं एकही माणूस त्यांना आठवेना, आणि हे इतक्या लोकांसमोर आठवेनासं झालं याची त्यांना लाज वाटली. शेवटी ते कागद घेऊन घरी आले आणि बँकवाल्यांच्या दारात उभे राहिले. बँकवाल्यांनी हमीपत्र दोनदा वाचलं, उलटून मागे काही बारीक अक्षरात आहे का ते पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही पडलात तर मला नक्की काय करावं लागेल?"

"काही नाही. फक्त कळवतील."

"मग ठीक," म्हणून त्यांनी 'शेजारी' असं कंसात लिहून सही केली. काकांनी इतके आभार मानले की बँकवाले घाबरले आणि कागद परत मागू लागले.

गच्चीवर कबुतरांचं राज्य होतं. घंटेवर पांढरे थर बसलेले. काका शिडीवर चढले, खिशातला रुमाल ओला करून घासू लागले. दोन आकडे दिसले, तिसरा दिसायला लागला, आणि चौथ्यासाठी ते वाकून घंटेला कान लावण्याइतके जवळ गेले असताना खाली नव्या शिपायानं मधल्या सुट्टीची घंटा दिली. बसल्या बसल्या, दोर ओढून. मनापासून.

काका पडले नाहीत, हे बँकवाल्यांचं नशीब. पण पुढचे दोन तास त्यांना जगातलं काहीही ऐकू आलं नाही. त्या शांततेत त्यांनी चौथा आकडा वाचला. साल मुलीच्या विक्रमाच्या आदल्या वर्षाचं होतं.

ते शिडीवरून उतरले आणि गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसले. खाली मुलं मधल्या सुट्टीत सैरावैरा धावत होती, आवाजाशिवाय. म्हणजे आपली मुलगी त्र्याण्णव मीटर चाळीस धावली होती. सगळ्यांत वेगानं धावली होती, पण त्र्याण्णव चाळीस. वाऱ्याला अठ्ठावीस वर्षं उगीचच दोष दिला होता.

आता हे फक्त त्यांना माहीत होतं. बुवा उद्यापर्यंत विसरणार होते. साल पुसट होतं असं लिहिलं असतं, तर हेडक्लार्कसुद्धा शिडी चढून बघणार नव्हते. काकांनी विचार केला नाही असं नाही. चांगला दोन दिवस केला. पण छत्तीस वर्षं लोक त्यांना म्हणत आले होते, "साहेब, आमच्यापुरती रेघ हातभर सरकवा की," आणि छत्तीस वर्षं त्यांनी ती सरकवली नव्हती. एकानं तर त्यापायी त्यांची सायकल विहिरीत टाकली होती. त्या सायकलीची तरी आठवण ठेवायला हवी होती. काकांनी अहवालात साल लिहिलं, स्वच्छ अक्षरात, आणि खाली लिहिलं, 'सबब त्यानंतरचे सर्व विक्रम ग्राह्य धरता येत नाहीत.' सही केली. दुसरा रकाना कोराच राहिला.

स्पर्धेच्या दिवशी मैदान असं आखलं गेलं होतं की पाहत राहावं. आठ मार्गिका, प्रत्येक एक मीटर बावीस, रेघा दोऱ्यानं सरळ. अडचण एवढीच झाली की खरी शंभर मीटरची शेवटची रेघ झाडाच्या पुढे सहा मीटर साठ, म्हणजे थेट प्रमुख पाहुण्यांच्या कोचाखालून जात होती. आदल्या दिवशी कोच हलवला, तर मंडप हलवावा लागला. मंडप हलवला, तर बक्षिसांचं टेबल उन्हात आलं. ते सावलीत आणलं ते बरोबर शेवटच्या रेघेमागे, तीन पावलांवर.

दुसरी अडचण कुणाच्याच लक्षात आली नव्हती. पीटीच्या सरांनी मुलींची तयारी दोन महिने करून घेतली होती, आणि ती 'झाडापर्यंत जीव खाऊन पळायचं' एवढ्या एकाच सूचनेवर. रेघ पुढे गेल्याचं सरांनी सांगितलं होतं. मुलींनी "हो सर" म्हटलंही होतं. पण पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

शिट्टी झाली. सहा मुली सुटल्या. पाचजणी एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून झाडापाशी आल्या, हात वर केले आणि थांबल्या. पालकांनीही सवयीनं तिथंच टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. सहावी मुलगी महिन्यापूर्वीच दुसऱ्या शाळेतून आलेली, सगळ्यांच्या मागे, वर्गात जिच्याशी अजून फारसं कुणी बोलत नव्हतं अशी. तिला झाडाचं काही ठाऊक नव्हतं. ती खाली मान घालून रेघेपर्यंत धावत आली, फीत छातीला घेऊन पुढे गेली, तिला थांबता येईना आणि ती बक्षिसांच्या टेबलावर आदळली. अकरा करंडक आणि एक पाण्याचा जग प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर गेला. पाहुण्यांनी प्रसंगावधान राखून एक करंडक झेलला.

मग जे व्हायचं ते झालं. पाच मुलींचे पालक, म्हणजे आजी-आजोबा धरून वीस-बावीस माणसं, मैदानात उतरली. "रेघ कुणी पुढे नेली?" असा प्रश्न आला आणि पीटीच्या सरांचं, नव्या शिपायाचं, हेडक्लार्कचं अशी तीन बोटं एकाच दिशेला वळली. काका टोपी काढून उभे होते.

"तुमचं मूल आहे का शाळेत?" एका पालकानं विचारलं.

"नाही."

"नातवंड?"

"नाही."

"मग तुम्ही इथं कशाला आलात?"

याचं उत्तर काकांपाशी होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. "मोजायला," ते म्हणाले.

सरांनी निकाल कायम ठेवला, हे मात्र मानलं पाहिजे. नव्या मुलीला पहिलं बक्षीस मिळालं. शंभर खऱ्या मीटरांचा पहिला विक्रम तिचा. काकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, एकट्यानं, बराच वेळ. ती इतकी बावरली की तिनं मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणासाठी आहेत का.

चहाच्या वेळी नव्या शिपायानं पाच रुपयांच्या नाण्यानं स्क्रू काढून जुन्या पाट्या उतरवल्या. मुलीची पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून बाईंनी स्वतः काकांच्या हातात दिली. गुंडाळताना त्यांनी आडनाव वाचलं होतं.

"काका, ही तुमची मुलगी?"

"हो."

"मग मी म्हणत होते तेव्हा राहू का दिलं नाहीत? मी तर सोडायला तयार होते."

"तिची आहे म्हणून तर बाई," एवढंच ते बोलू शकले, आणि अर्थ आपल्यालाही पुरता लागलेला नाही हे त्यांच्या लक्षात आलं. बाईंनी चष्मा काढला होता, पण या वेळी पुसण्यासाठी.

घरी येऊन त्यांनी पाटी मोजली. तीस बाय आठ सेंटीमीटर. ती ठेवायला एवढ्या घरात जागा सापडेना. भिंतीवर लावावी तर खोटी, कपाटात ठेवावी तर जीव होईना. शेवटी ती जेवणाच्या टेबलावर समोरच्या खुर्चीपुढे राहिली आणि दोन दिवस काका तिच्यासमोर बसून जेवले. पुढच्या वर्षी स्पर्धांच्या दिवशी आपण कुठं जाणार, हा विचार त्यांना त्या दोन दिवसांत पुष्कळदा आला. काम झालं होतं. दार पुन्हा कुणी वाजवलं नव्हतं. फार एकटं वाटत होतं.

रविवारी दहाला फोन आला. काकांनी बोलायचं ते कागदावर मुद्देवार लिहून ठेवलं होतं.

"एक महत्त्वाचं सांगायचंय," ते म्हणाले. "तुझ्या विक्रमासंबंधी. वाईट वाटून घेऊ नकोस. शाळेचं मैदान मी मोजलं. ते..."

"त्र्याण्णव ना?" मुलगी म्हणाली.

काकांनी कागद खाली ठेवला.

"बाबा? अहो, मला माहीत आहे. आंतरशालेयला सातवी आले ना, तेव्हाच मला संशय आला. तुम्हीच शिकवलं होतंत पावलांनी मोजायला. घरी येऊन आईला सांगितलं. मग एका दुपारी तुम्ही टेप घरी ठेवून कार्यालयातल्या बैठकीला गेला होतात, तेव्हा आईनं कपाटातून टेप काढला आणि आम्ही दोघी जाऊन मोजून आलो. मी शून्याकडचं टोक धरलं होतं. आईनं वाचलं. इतका चिखल होता त्या दिवशी! आई सरळ बसलीच चिखलात."

"चिखल," काका म्हणाले. जोडीदाराचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. दोन वर्षं.

"तुम्ही त्या बिचाऱ्यावर चिडलात तेव्हा आई दोनदा सांगायला निघाली होती. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं."

"पण मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं सांगूया म्हणून. आई म्हणाली, त्यांना सांगू नकोस. ते आधी मोजतील, मग अर्ज देतील, मग पाटी उतरवायला लावतील. आणि मग दरवर्षी कुठं जाऊन उभे राहतील?"

काकू फलकापुढे दोन मिनिटांत कंटाळायच्या, म्हणजे खाली बाकावर जाऊन बसायच्या आणि तिथून त्यांच्याकडे बघत राहायच्या. हसत. अठ्ठावीस वर्षं त्यांना वाटत होतं की ही आपल्या टोपीला हसते.

"बाबा, ऐकताय ना? आईनं लिहूनसुद्धा ठेवलंय. तुमच्याच कुठल्या तरी वहीत, शेवटच्या पानावर. म्हणाली, एकदा भरलेली वही ते पुन्हा उघडत नाहीत. बघा सापडते का. मी थांबते फोनवर."

वह्या पलंगाखालच्या ट्रंकेत होत्या, सालवार. त्या सालची वही सापडायला वेळ लागला नाही. शेवटच्या पानावर शिसपेन्सिलीनं, काकूंच्या डावीकडे कलत्या अक्षरात, वर तारीख घालून, लिहिलं होतं: 'शाळेचं मैदान. ९३ मीटर ४२ सेंटीमीटर. मी मोजलं, हिनं धरलं. ह्यांना सांगायचं नाही.'

काकांनी ते फोनवर वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य नीट वाचता आलं नाही. मुलगीही रडत होती आणि हसत होती. मग ती म्हणाली, "तुमचं किती आलं होतं?"

"चाळीस."

"मग आईचं चुकलं असेल दोन सेंटीमीटरनं."

"तिचं कशाला चुकेल?" काका एकदम चिडून म्हणाले. "तुम्ही दोघी होतात. मी एकटा होतो, टेप सारखा सुटत होता."

नंतर ती पाटीबद्दल, नव्या मुलीबद्दल, घंटेबद्दल विचारत राहिली आणि काका सांगत राहिले. प्रमुख पाहुण्यांनी करंडक झेलला तिथं ती इतकी हसली की तिला फोन बाजूला ठेवावा लागला. त्या दिवशी फोन किती मिनिटं चालला ते काकांनी पाहिलंच नाही, त्यामुळे पुढची सरासरी कायमची बिघडली.

फोन ठेवल्यावर त्यांनी जोडीदाराचा पत्ता शोधून त्याला एक पत्र लिहिलं. ते फार लहान होतं आणि त्याला दीड तास लागला.

मग त्यांनी मोजणीपत्रकाची स्थळप्रत समोर घेतली. ९३.४० वर एक आडवी रेघ मारून वर ९३.४२ लिहिलं. फरक पडला तर तपासणाऱ्याचा आकडा कायम, असा नियमच आहे. मग 'तपासणार' या रकान्यात काकूंचं नाव लिहिलं, पूर्ण, आणि पुढे वहीतली तारीख घातली.

तपासणीची तारीख मोजणीच्या अठ्ठावीस वर्षं आधीची पडत होती. असला कागद कार्यालयानं त्यांच्या तोंडावर फेकला असता. काकांनी तो दोनदा वाचून पाहिला, घडी घातली आणि सोमवारी शाळेत नेऊन द्यायच्या पिशवीत ठेवला.